परदेशी कामगार कमी केले की स्थानिक समाधानी होतात का? सिंगापूरच्या अनुभवावरून

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सिंगापूरमधल्या एका वितरण केंद्राचे तुम्ही व्यवस्थापक आहात. माणसं साठ. त्यातली चाळीस स्थानिक, वीस परदेशी, आणि परदेशींमध्ये बहुतेक मलेशियाचे आणि चीनचे. पगार बाजारभावाने, परदेशींचा कोटा नियमात, त्यांच्यामागची सरकारी लेव्ही वेळेवर. तरीही दरवर्षीच्या समाधान पाहणीत स्थानिकांचे गुण घसरत चाललेत आणि सोडून जाणारे ‘बाहेरचे फार झाले’ असं सांगून जातात. मालकांनी तुम्हाला विचारलंय की परदेशी कमी केले तर हे लोक खूश होतील का, आणि सरकारी धोरणाचा यात हात किती.

आधी थेट उत्तर देतो. नुसता आकडा कमी करून तुमच्या हाती फारसं लागणार नाही. मी बावीस वर्षं इथे एचआरमध्ये काम करतोय. गोदामं, सफाई कंत्राटं, नंतर बँकेचं आयटी, असं बरंच पाहिलं. स्थानिक माणसाचं कामातलं समाधान शेजारी परदेशी किती बसलेत यावर मला वाटायचं त्यापेक्षा खूप कमी अवलंबून असतं. त्या परदेशी माणसाला साहेबाला ‘नाही’ म्हणता येतं का, यावर ते जास्त अवलंबून असतं. आणि तो नाही म्हणू शकतो की नाही, हे मोठ्या प्रमाणात धोरण ठरवतं.

तुमच्यासारख्या सेवाक्षेत्रातल्या कंपनीला एकूण माणसांच्या ३५ टक्के परदेशी ठेवता येतात आणि त्यात एस पासवाले, म्हणजे मधल्या कौशल्याच्या कामांच्या परवान्यावरचे, १० टक्क्यांपर्यंत. ही मर्यादा पूर्वी ४० टक्के होती, जानेवारी २०२० मध्ये ३८ झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये ३५. शिवाय प्रत्येक परदेशी माणसामागे मालकाने दरमहा सरकारला लेव्ही भरायची. एस पाससाठी सप्टेंबर २०२५ पासून ती ६५० सिंगापूर डॉलर आहे. ही लेव्ही कामगाराच्या पगारातून कापणं बेकायदा आहे. स्थानिक माणूस कोट्यात पूर्ण एक धरला जायचा तर त्याला दरमहा ठरलेला किमान पगार द्यावा लागतो. जुलै २०२४ मध्ये तो १,६०० डॉलर झाला. वरच्या नोकऱ्यांसाठीच्या ईपीला, म्हणजे एम्प्लॉयमेंट पासला, कोटा नाही, लेव्हीही नाही. तिथे पगाराची किमान पातळी आणि २०२३ पासून गुणांची पद्धत आहे.

आता हे गणित तुमच्या साठ माणसांना लावून बघा. साधारण दोन स्थानिकांमागे एक परदेशी बसतो. आज तुम्ही वीस ठेवू शकता. उद्या तीन स्थानिक सोडून गेले तर ३७ आणि २० होतील, म्हणजे परदेशी ३५ टक्क्यांच्या किंचित वर जातील आणि एक परमिट अडकेल. तुमच्या मालकांची काळजी मला इथून दिसते आहे. ती स्थानिकांनाही दिसते, हे मात्र आपण विसरतो. ‘आपल्याला इथे धरून ठेवलंय ते आपल्या कामासाठी की दोन परमिटं टिकावीत म्हणून?’ हा प्रश्न मी गोदामातल्या चहाच्या टेबलावर अनेकदा ऐकलाय. माणसाला आपण फक्त डोकी मोजण्यापुरते आहोत असं वाटू लागलं की पगार वाढवूनही ते जात नाही.

कोट्याची ही बाजू टोकाला गेली की काय होतं तेही इथे घडून गेलंय. काही मालकांनी नातेवाईक, निवृत्त शेजारी, विद्यार्थी अशा स्थानिकांची नावं पगारपत्रकावर चढवली, त्यांचे सीपीएफ (इथला भविष्य निर्वाह निधी) भरले आणि त्यांच्या जोरावर परमिटं काढली. ही माणसं कामावर कधी आलीच नाहीत. अशा प्रकरणांत खटले झाले, शिक्षा झाल्या. सौदी अरेबियाने २०११ मध्ये कंपन्यांना स्थानिकांच्या प्रमाणानुसार लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत वाटणारी निताकात योजना आणली, तेव्हा तिथेही हाच रोग दिसला. यात खऱ्या कामावर असलेल्या स्थानिकाचं नुकसान दुहेरी होतं. कागदावर पाच सोबती असतात, प्रत्यक्षात दोन, आणि त्या तिघांचं काम याच्या अंगावर येतं. तुमच्या कंपनीत असं काही असेल असं मी म्हणत नाही. पण पगारपत्रकावरची नावं आणि गेटवरच्या हजेरीची नोंद एकदा शेजारी ठेवून बघा. मी कुठल्याही नव्या ठिकाणी गेलो की हे पहिल्या आठवड्यात करतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी तुआस भागातल्या एका शीतगोदामात होतो. तिथे एक मलय फोर्कलिफ्ट चालक होते, वय सत्तावन्न, सगळे त्यांना अंकल म्हणायचो. एकवीस वर्षं त्याच कंपनीत. त्यांच्या पाळीत चीनच्या हनान प्रांतातून आलेला एक तरुण होता, कामाला चोख. गावाकडच्या एजंटला दिलेले पैसे कर्जाऊ होते आणि पहिलं वर्ष ते फेडण्यातच जाणार होतं. त्याचं परमिट कंपनीला बांधलेलं. मुदतीच्या मधेच दुसरीकडे जायचं तर मालकाची संमती हवी. मालकाने परमिट रद्द केलं की विमानाचं तिकीट हातात. मालकाचीही बाजू सांगतो. मलेशियाबाहेरून आलेल्या प्रत्येक वर्क परमिटवाल्यासाठी ५,००० डॉलरची हमी सरकारकडे द्यावी लागते आणि माणूस काम करो वा बसून राहो, लेव्ही चालूच असते. त्यामुळे पाळीचा सुपरवायझर त्या मुलाकडे ‘पैसे भरलेत, वसूल झाले पाहिजेत’ अशाच नजरेने बघायचा. रविवारी येतोस? हो. रात्री दोन तास थांबतोस? हो. नववर्षाच्या सुट्टीत? हो.

अंकलनी एका रविवारी नाही म्हटलं. घरी कार्यक्रम होता. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, “त्या पोराकडे बघा, तो कधी नाही म्हणत नाही.” त्यानंतर चार महिन्यांनी अंकलनी राजीनामा दिला. अर्जावर कारण लिहिलं ‘वैयक्तिक’. निघायच्या दिवशी मी त्यांना चहाला घेऊन बसलो तेव्हा ते जे म्हणाले ते आजवर विसरलो नाही. म्हणाले, “मला त्या पोराचा राग नाही. पण त्याला हो म्हणावंच लागतं, म्हणून माझं नाही म्हणणं हा आळस ठरतो.”

तुमच्या पाहणीतलं ‘बाहेरचे फार झाले’ हे वाक्य मी असं वाचतो. लोकांना शेजारचा माणूस खुपत नाही, त्याच्या लाचारीने आपल्या कामाचं माप ठरतंय हे खुपतं. इथल्या कायद्यात दिवसाला बारा तासांची आणि महिन्याला ७२ तास ओव्हरटाइमची मर्यादा आहे. ज्या पाळीत निम्मी माणसं त्या मर्यादेला टेकून काम करतात, तिथे तीस तास ओव्हरटाइम करणारा स्थानिक कामचुकार दिसू लागतो. त्याचा पगार कमी झालेला नसतो. त्याचा मान कमी झालेला असतो, आणि समाधानाच्या फॉर्मवर मानासाठी रकाना नसतो. मग तो ‘पगाराबाबत असमाधानी’वर खूण करतो, कारण जवळचा रकाना तोच.

हे मला एवढं लवकर उमगलं याला घरचं कारण आहे. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत कायम कामगार होते. त्यांच्या तोंडी बदली कामगारांचा विषय सतत असायचा. बदलीवाला सकाळी गेटवर उभा राहणार, काम मिळालं तर मिळालं, आणि मुकादमाला दुखवण्याची त्याची टाप नाही. आजोबा म्हणायचे, गेटवर बदलीवाले जास्त दिसले की त्या दिवशी आत आमचा आवाज बसायचा. १९८२ च्या संपात बदली कामगारांना कायम करा ही मागणी कायम कामगारांनीही उचलून धरली होती. ती केवळ दया नव्हती, आपल्या पायाखालची जमीन कशावर उभी आहे हे त्यांना कळत होतं. देश वेगळा, कायदा वेगळा, पण त्या शीतगोदामात मला तीच गोष्ट दिसली.

मग आम्ही केलं काय? परदेशी एकही कमी केला नाही. परमिट वाढवायचं की नाही याचा निर्णय पाळीच्या सुपरवायझरच्या हातातून काढून एचआरकडे घेतला. हा सगळ्यात महत्त्वाचा बदल होता आणि त्याला एक पैसाही लागला नाही. रविवार आणि सणाच्या पाळ्या सगळ्यांसाठी एकाच फिरत्या यादीने लावल्या, पासपोर्ट कुठलाही असो. महिन्यातून दोनदा कारण न सांगता ओव्हरटाइम नाकारायची मुभा लेखी दिली आणि ती वापरल्याची नोंद कामगिरीच्या अहवालात येऊ द्यायची नाही असं ठरवलं. पहिले दोन महिने परमिटवाल्यांपैकी कुणी ती मुभा वापरलीच नाही. मग एकाने वापरली, त्याला काही झालं नाही, आणि मग बाकीच्यांनी वापरली. स्थानिकांच्या कुरबुरी मला त्या दिवसापासून उतरताना दिसल्या. ओव्हरटाइमचं वाटप करणं अवघड झालं, दोन जादा माणसं घ्यावी लागली, खर्च वाढला. तो खर्च मी मालकांपासून लपवला नाही, तुम्हीही लपवू नका.

‘परदेशी कमी केले तर’ याची परीक्षा इथे एकदा आपोआप झालीय. १८ मार्च २०२० ला मलेशियाने सीमा बंद केली. पलीकडच्या मलेशियातल्या जोहोरहून रोज पहाटे पूल ओलांडून येणारी माणसं एका रात्रीत तिकडेच अडकली किंवा इकडे कुठेतरी चटईवर राहिली. पुढच्या दीड-पावणेदोन वर्षांत सिंगापूरमधल्या परदेशी मनुष्यबळात दोन लाखांहून जास्त घट झाली. मी तेव्हा एका वितरण कंपनीत होतो. स्थानिकांचा पगार वाढला, बोनस मिळाले, मालक नावाने हाक मारू लागले. पहिले तीन-चार महिने लोकांच्या चेहऱ्यावर एक वेगळी ऐट होती आणि ती पाहून मला बरं वाटलं. पण माणसं तेवढीच, ऑर्डरी दुप्पट. पाठदुखी, रजा रद्द, रात्रपाळीचं चक्र. वर्षअखेरीस त्याच लोकांनी सोडून जाताना लिहिलं की आम्ही थकलोय. जमीन सीमा १ एप्रिल २०२२ ला पूर्ण खुली झाली तेव्हा सगळ्यात आनंदाने स्वागत केलं ते पाळीवरच्या स्थानिकांनीच. म्हणजे टंचाईने मोल वाढतं, पण काम माणसाला झेपेनासं झालं की ते मोल पुरत नाही.

समान कामाला असमान दाम, हाही या धोरणाचा एक परिणाम आहे आणि तो सगळ्यांच्या मनात विष कालवतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये एका सार्वजनिक वाहतूक कंपनीच्या १७१ चिनी बसचालकांनी काम बंद ठेवलं. सिंगापूरमध्ये १९८६ नंतरचा हा पहिला संप. चिनी चालकांचा मूळ पगार सुमारे १,०७५ डॉलर होता, त्याच बस चालवणाऱ्या मलेशियन चालकांचा १,४०० च्या आसपास. राहण्याच्या जागेबद्दलही तक्रारी होत्या. सार्वजनिक सेवेत पूर्वसूचना न देता संप करणं इथे गुन्हा असल्याने पाच जणांना तुरुंगवास झाला आणि २९ जणांना मायदेशी पाठवलं. मी तेव्हा ज्या स्थानिक चालकांशी बोललो त्यांच्यात दोन सूर होते. काही म्हणाले, नियम मोडले, गेले. पण बरेच जण म्हणाले की एवढ्या पगारात माणूस मिळतोय तोवर आमचा पगार वाढणार कशाला. संपाबद्दल त्यांना सहानुभूती असेल-नसेल, पण आपल्या पगाराची दोरी शेजाऱ्याच्या पगाराला बांधलेली आहे हे त्यांनी अचूक ओळखलं होतं.

ही गाठ सोडवायचा एक खरा प्रयत्न म्हणजे प्रोग्रेसिव्ह वेज. सफाई क्षेत्रात २०१४ पासून परवान्याची अट म्हणून स्थानिक कामगारांना पायरीपायरीने किमान वेतन द्यावं लागतं. सुरुवात १,००० डॉलरपासून झाली, जुलै २०२३ मध्ये साध्या सफाई कामगारासाठी ते १,५७० झालं. पुढे सुरक्षारक्षक, बागकाम, किरकोळ दुकानं, खानावळी, कचरा व्यवस्थापन हेही त्यात आले. मला यातली पगाराइतकीच पायरीची गोष्ट आवडते. अमुक प्रशिक्षण घेतलं की अमुक पदनाम, अमुक वेतन. पन्नाशीच्या सफाई करणाऱ्या आंटीला आयुष्यात पहिल्यांदा ‘पुढे काय’ याचं उत्तर मिळालं. कामाच्या समाधानात या उत्तराचं वजन फार मोठं असतं. उणीव अशी की ही पायरी नागरिक आणि पीआर (कायम रहिवासी) यांच्यापुरतीच बंधनकारक आहे. शेजारच्या परमिटवाल्याला तिचा आधार नाही, आणि मी वर सांगितलेला प्रश्न तिथे शिल्लक राहतोच.

आता टेबलावरच्या नोकऱ्या. तुमच्या गोदामाशी याचा संबंध कमी वाटेल, पण तुमच्या कार्यालयात नियोजन आणि आयटीची माणसं असतील, शिवाय तुम्ही-मी मराठी आहोत, तेव्हा हे बोलायलाच हवं.

भारत-सिंगापूर आर्थिक सहकार्य करार, इथे ज्याला सीका म्हणतात, तो २००५ मध्ये झाला. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत ईपीवाल्यांमधला भारतीयांचा वाटा वाढत जाऊन सुमारे चौथ्या हिश्श्यावर पोचला. लोकांनी याचा संबंध थेट कराराशी लावला. जुलै २०२१ मध्ये मंत्र्यांना संसदेत उभं राहून सांगावं लागलं की करारामुळे भारतीयांना आपोआप प्रवेश मिळत नाही, आणि कंपनीअंतर्गत बदलीवर येणारे भारतीय मोजकेच आहेत. माझ्या माहितीप्रमाणे ते खरं होतं. वाढ झाली ती बँकांना आणि तंत्रज्ञान कंपन्यांना माणसं हवी होती म्हणून. पण चांगी बिझनेस पार्कच्या स्टेशनवर रोज सकाळी उतरणाऱ्या स्थानिक अभियंत्याला संसदेतला खुलासा पुरत नाही. त्याला दिसतं ते त्याच्या मजल्यावरचं चित्र.

ते चित्र मी स्वतः तयार केलंय, म्हणून अधिकाराने सांगतो. एका मोठ्या वित्तसंस्थेच्या आयटी विभागात भरतीची जबाबदारी माझ्याकडे होती. अठ्ठावीस जणांच्या एका गटात एकोणीस भारतीय झाले. प्रत्येक निवड वेगवेगळी पाहिली तर योग्य होती. पण ओळखीतून नावं येत गेली, पुण्याच्या, हैदराबादच्या एकाच कंपनीतले जुने सहकारी एकामागून एक आले. जेवताना हिंदी, कधी मराठी. बैठक इंग्रजीत, पण बैठकीआधीची अर्ध्या तासाची चर्चा, जिच्यात खरं ठरतं, ती आपल्या भाषेत. त्या गटातली एक चिनी वंशाची सिंगापुरी मुलगी अतिशय हुशार होती. तिने सोडताना मला सांगितलं की इथे माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही, पण दोन वर्षांत एकदाही कुठलाही निर्णय होताना मी तिथे नव्हते. तिचा पगार बाजारापेक्षा जास्त होता. मला स्वतःची लाज वाटली, कारण त्या अर्ध्या तासात मी असायचो.

सरकारने २०१४ पासून ईपीसाठी अर्ज करण्याआधी जागेची जाहिरात देणं सक्तीचं केलं. त्याचा उपयोग झाला, पण ज्याला जाहिरात देऊन मनातलाच माणूस घ्यायचा असतो तो घेतोच. सप्टेंबर २०२३ पासूनची कंपास पद्धत मला जास्त नेमकी वाटते. ईपीसाठी ४० गुण लागतात आणि त्यात एक कसोटी विविधतेची आहे. उमेदवाराच्या देशाची माणसं कंपनीतल्या व्यावसायिक पदांवर ५ टक्क्यांपेक्षा कमी असतील तर २० गुण, २५ टक्के किंवा जास्त असतील तर शून्य. दुसरी कसोटी त्या क्षेत्रातल्या इतर कंपन्यांच्या तुलनेत स्थानिकांना तुम्ही किती संधी देता याची. आपल्या अनेक मित्रांना हे भारतीयांविरुद्ध वाटलं. मला तसं वाटत नाही. माझा तो अठ्ठावीस जणांचा गट कंपास असती तर कदाचित तसा झाला नसता, आणि ती मुलगी कदाचित आज तिथे प्रमुख असती. जानेवारी २०२५ मध्ये संसदेने कामाच्या ठिकाणच्या भेदभावाविरुद्ध कायदाही मंजूर केला. त्यात राष्ट्रीयत्व, वय, भाषा, वंश असे आधार आहेत. आजवर जे फक्त मार्गदर्शक तत्त्वांत होतं त्याला कायद्याचं बळ येतंय.

स्थानिक पुरुषांची एक बोच आपल्या लोकांना सहसा कळत नाही, ती सांगून ठेवतो. दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा आणि नंतर वर्षानुवर्षं रिझर्विस्टची, म्हणजे राखीव सैनिक म्हणून, बोलावणी, वर्षाला ४० दिवसांपर्यंत. तिशीतला सिंगापुरी मुलगा तीन आठवडे छावणीत असतो तेव्हा त्याचा प्रकल्प ईपीवाला सहकारी पुढे नेतो, आणि वर्षअखेरीस बढतीही तोच नेतो. कायदा त्याची नोकरी वाचवतो, बढतीची गाडी थांबवत नाही. तुमच्याकडे असे मुलगे असतील तर त्यांच्या मूल्यमापनातून ते आठवडे वगळा आणि तसं त्यांना सांगा. मी एका ठिकाणी एवढंच केलं होतं, आणि दोघांनी मला येऊन हात मिळवला.

परदेशी माणसांमुळे स्थानिकाचं काम सुधारतं, हेही तेवढंच खरं आहे आणि पाहणीत ते उमटत नाही. तुमच्या वीस जणांमुळे तुमचे निदान पाच-सहा स्थानिक सुपरवायझर झाले असतील. घरकामासाठी परदेशी बायका आणण्याची योजना १९७८ मध्ये सुरू झाली नसती तर माझ्या कितीतरी सिंगापुरी महिला सहकारी मुलं झाल्यावर कामावर परतल्या नसत्या. हे लोक तक्रार करत नाहीत, म्हणून ते आकड्यात मधे कुठेतरी हरवतात.

आकड्यांवरून आठवलं. तुमच्या पाहणीचा एकच सरासरी गुण मला देऊ नका, त्यातून काही कळत नाही. सगळ्यात नाराज होते ते आधीच गेलेत, म्हणजे राहिलेल्यांची सरासरी आहे त्यापेक्षा बरी दिसते. शिवाय जिथे परदेशी जास्त, तिथलं काम मुळातच जड, थंडीचं, रात्रीचं असतं. तिथला स्थानिक नाराज असेल तर ती नाराजी कामाची की सोबत्याची, हे वेगळं काढल्याशिवाय मालकांना काहीही सांगू नका. एकाच प्रकारच्या कामाच्या दोन पाळ्या घ्या, एकीत परदेशी जास्त आणि दुसरीत कमी, आणि त्यांची तुलना करा. प्रश्नही बदला. ‘तुम्ही समाधानी आहात का’ याऐवजी विचारा: गेल्या तीन महिन्यांत जादा काम नाकारलंत का, नाकारल्यावर काय झालं, तुमच्या कामाबद्दलचा निर्णय होताना तुम्ही तिथे होतात का, दोन वर्षांनी इथे तुम्ही कुठे असाल हे तुम्हाला कुणी सांगितलंय का. आणि हेच प्रश्न वीस परदेशींनाही विचारा, त्यांच्या भाषेत, त्यांच्या सुपरवायझरच्या पाठीमागे. दोन्ही गटांची उत्तरं ज्या पाळीत एकत्र बिघडलेली दिसतील, दुखणं तिथे आहे. माझा अंदाज आहे की ते एखाद-दोन पाळ्यांपुरतंच निघेल.

तोवर मालकांनी घाईने पाच परमिटं रद्द करायचं ठरवलं तर त्यांना थांबवा. ती पाच माणसं कर्ज घेऊन आलेली असतील, आणि त्यांचं काम सोमवारपासून त्याच चाळीस जणांच्या अंगावर पडेल ज्यांच्या समाधानासाठी हे चाललंय. आधी गेल्या सहा महिन्यांची ड्युटीची यादी काढा, प्रत्येक नावापुढे रविवार, सणाच्या पाळ्या आणि ओव्हरटाइमचे तास मांडा, आणि परमिट वाढवण्याची शिफारस आज कुणाच्या सहीने जाते ते पाहा. ते कागद हाताशी आले की मला कळवा, आपण पाळीनिहाय बसून बघू.